खळ्यावरचा खांब

सन दोन हजार चोवीस. माझं वय त्र्याहत्तर. आमच्या वाडीतल्या बारा घरांची डाळिंबं खंडात (पावसाने मध्येच मारलेली दडी) गेली, पण विम्याचा दमडा आला नाही. हा विमा सोसायटीच्या पीककर्जासोबतच येतो. भरपाईतून जुनं फिटलं तरच नवं मिळणार. शेजारच्या दत्तूची चुलती शांता त्या आशेवर बाग तोडायची थांबली होती. मी म्हणालो, नवी मुंबईला जाऊन कंपनीला मीच जाब विचारतो.

कांद्याच्या टेम्पोत बसून मी आणि दत्तू सकाळी वाशीच्या बाजारात उतरलो. उतरताच सर आली, धोतर भिजलं. तिथून बसने बेलापूर. कचेरी उघडायला अवकाश होता, म्हणून चालत दिवाळे गावात गेलो. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, अगदी कोरडे.

"पावसात वाळवतेस, बाई?"

मासेवाली हसली. "कंचा पाऊस? वाशीचा पाऊस वाशीला, बाबा. आमचेकरं टिपूस नाय परला."

तिने भाकरी आणि जवळ्याची (बारीक कोळंबी) चटणी दिली. दत्तूने दोनदा मागून घेतली.

कचेरीच्या दारात वहीत सही मागितली. "बघ, चौथी शिकलोय. अंगठा नाही लावत," असं दत्तूला म्हणत मी मोठ्या अक्षरांत सही ठोकली.

आतल्या बाई माझ्या नातीच्या वयाच्या. मी आवाज चढवला. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "काका, पाऊस यंत्र मोजतं. तुमच्या भागाचं यंत्र नाल्यापलीकडच्या गावात आहे. तिथे पडलाय."

"दोन कोसांवरच्या पावसाने आमची झाडं भिजतात होय?"

"नाही भिजत. म्हणूनच यंत्र तुमच्या वाडीत लावणार होते. जागामालकांनी लेखी नकार दिला." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

दत्तूने आधी कागद पाहिला, मग मला. "आबा, ही सही तुमची."

तीन वर्षांपूर्वी दोन माणसं खळ्याच्या कोपऱ्यात खांब रोवायला जागा मागत होती. पाणीही न विचारता मी त्यांच्या कागदावर नकाराची सही ठोकून त्यांना हाकललं आणि पारावर महिनाभर ते रंगवून सांगितलं. सगळे हसले होते. शांताही.

परतीच्या एसटीत दत्तू एवढंच म्हणाला, "मी कुणाला नाही सांगणार." इतकं मोठं शहर पाहून आलो, पण डोळ्यांसमोर ती सहीच होती. अंगठा लावला असता तर दत्तूला ओळखू तरी आला नसता, असं मनात आलं, आणि त्या विचाराचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्याचा तो कोपरा साफ करून चार खुंट्या ठोकल्या. मग शांताच्या दारात चपला काढल्या.

"काय म्हणाली कंपनी, आबा?"

"कंपनीचं राहू दे," म्हणत मी उंबऱ्याबाहेरच बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.