परतीच्या सामन्याची टेप

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — कुठे किती प्यालो, कोणाशी भांडलो, सगळं. एवढं एक राहिलं. राहिलं म्हणजे काय — मीच ठेवलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही चाचांना कधी पाहिलेलं नाही. त्यांना ओळखणाऱ्या माणसापुढे माझी जीभ उचलली नसती.

मी दोहात ड्रायव्हर होतो. ऐंशीनंतरची ती वर्षं. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यावर एक स्पॅनिश इंजिनियर होते, त्यांची गाडी चालवायचो. साहेब एकटेच राहायचे, विमानतळाच्या बाजूला एका व्हिलात; आमच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचे. मागच्या अंगाला दोन खोल्या — एक माझी, एक स्वयंपाक करणाऱ्या दाऊदचाचांची. चाचा महाडच्या बाजूचे. साठीला टेकलेले. चौदा वर्षं कतारात काढलेली, आणि हाताला अशी चव की साहेब पार्टीत लोकांना सांगायचे, हा माणूस मी कोणाला देणार नाही.

साहेबांना फुटबॉलचं वेड. आणि ते वेडही चमत्कारिक. त्यांच्या गावचा क्लब त्या वर्षी स्पेनची लीग जिंकलेला. माद्रिदचा एक बडा क्लब तिथला कप जिंकलेला. मग ह्या दोघांत सुपर कप. साहेबांचा भाऊ टीव्हीवरून मॅच टेप करून पोस्टाने पाठवायचा, आणि टेप येईपर्यंत साहेब निकाल ऐकायचेच नाहीत! ऑफिसात कोणी फुटबॉलचं काढलं की कानांवर हात. पेपरातलं खेळाचं पान चाचा सकाळीच काढून ठेवायचे.

पहिली टेप आली तेव्हा साहेबांनी आम्हा दोघांनाही बसवून घेतलं. माद्रिदच्या मैदानावरची मॅच. साहेबांचा क्लब दोन-शून्य हरला. मी मान हलवली, म्हटलं, गेलं. साहेब हसले. अजून काही गेलं नाही म्हणाले. परतीचा सामना आमच्या गावात आहे, आणि दोन्हीकडचे गोल एकत्र धरायचे.

"म्हंजे हरलं, तरी हरलं नाय?" चाचा मला म्हणाले. "हा कसला खेळ रे बाबा?"

मी तासगावकडचा. आमच्याकडे कुस्तीचा फड. पाठ टेकली की खलास — उठायचं, माती झाडायची, घरी जायचं. हरलेला माणूस पंधरा दिवसांनी आपल्या गावात परत उभा राहतो आणि आधीचं हरणं अजून पक्कं झालेलं नसतं — हे काही माझ्या डोक्यातून जाईना. गाडी चालवताना तेच. काय झालं असेल? तीन गोल घातले असतील का? तुम्ही हसाल, पण दुसरी टेप येईपर्यंतच्या त्या दोन महिन्यांत घरच्या पत्राची वाट मी इतकी पाहिली नसेल.

मग साहेबांचे वडील वारले. अचानक. साहेब रातोरात गेले, आणि ते तिकडे असतानाच पोस्टाच्या पेटीत दुसरी टेप आली. व्हिडिओ कॅसेट म्हटली की कस्टमवाले फोडून बघायचे, कधी महिनाभर ठेवून घ्यायचे. तशीच ही — पाकीट फोडलेलं, वरून पट्टी चिकटवलेली. फोडलेलंच होतं हो! मी अजून एकदा फोडलं तर कळणार कोणाला?

शुक्रवार होता. सकाळ. चाचा दहालाच बाहेर पडलेले, बाजार करून तिथूनच जुम्म्याच्या नमाजाला जायचे होते. मी साहेबांच्या दिवाणखान्यात गेलो, पडदे ओढले, एसी लावला आणि टेप घातली.

काय सांगू तुम्हाला. अर्ध्या वेळेपर्यंत साहेबांच्या क्लबचा एक गोल. मग दुसरा. म्हणजे आता सगळं मिळून दोन-दोन. मी खुर्चीच्या कडेवर. अगदी शेवटी, संपायला पाच-सहा मिनिटं असताना, एका बुटक्या पोराने डोक्याने तिसरा घातला. मी एकटा त्या खोलीत ओरडलो. शिट्टी झाली, लोक कुंपणावरून उड्या टाकून मैदानात शिरले. कॅमेरा हळूहळू लोकांवरून फिरला. काळ्या चपट्या टोप्या घातलेली म्हातारी माणसं बाकावर बसलेली. त्यातला एक डोक्याला दोन्ही हात लावून रडत होता, का हसत होता — मी नीट पाहिलं नाही. मला तो गोल पुन्हा बघायचा होता.

टेप मागे घेतली. तेवढ्यात गेटवर हॉर्न. पाण्याचा टँकर. चाचाच कोणाच्या गाडीतून आले असं वाटून मी आधी टीव्ही बंद केला, मग वाकून व्हीसीआरचं बटण दाबलं. बंद करायचं बटण. निदान तेच दाबलंय असं मला वाटलं. त्याच्या शेजारी लाल बटण होतं.

टँकर रिकामा व्हायला वीस मिनिटं लागली. परत आलो तर यंत्रावर लाल दिवा, आणि टेप फिरतेच आहे. टीव्ही लावला. दोहा टीव्हीवर त्या वेळी मशिदीतलं प्रवचन चालू होतं — आणि ते सगळं टेपवर गेलेलं. तिसरा गोल नाही. शिट्टी नाही. लोक नाहीत.

मी टेप पाकिटात घातली आणि पट्टी पुन्हा चिकटवली. सांगायचं मनात आलं का? आलं. साहेब आल्यावर पहिलंच वाक्य हे बोलायचं, असं ठरवलंही होतं.

साहेब आले ते उतरलेल्या तोंडाने. विमानतळावर बॅग गाडीत ठेवताना त्यांनी आधी टेपचं विचारलं. आली, म्हटलं. मग वाटेत ते आपणहून बोलू लागले. निकाल आता ठाऊक झालाय, म्हणाले. त्यासाठी नाही. वडील त्या दिवशी मैदानावर होते. भावाने सांगितलंय, अगदी शेवटी टीव्हीवर दिसतात. टेप एकच आहे, त्याच्याकडे दुसरी नाही.

ते माझं पहिलं वाक्य — ते मी तेव्हा बोलायला हवं होतं ना? पुढे सिग्नल लाल होता. गाडी उभी होती. चांगला मिनिटभर वेळ होता माझ्याकडे.

संध्याकाळी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्या वडिलांना आम्हीही पाहावं, असं त्यांना वाटत होतं. दुसरा गोल झाला, ते जरा हसलेसुद्धा. मग चित्र फाटलं, आणि पडद्यावर दाढीवाले मौलवी, अरबीतून बोलणारे. साहेबांनी टेप पुढे नेली. मौलवी. आणखी पुढे. मौलवी.

टेप तशीच चालू ठेवून ते उठले. मग वळले — चाचांकडे. माझ्याकडे नाही, चाचांकडे. मागे एकदा चाचांना त्यांनी न विचारता व्हीसीआरवर हिंदी सिनेमा लावताना पकडलं होतं. आणि आता टेपवर मशीद! त्यांना आणखी काय हवं होतं?

"साहेब, मैंने नहीं किया," चाचा म्हणाले. एकदाच.

आणि मग ते पडद्याकडे बघत राहिले. मला नंतर कळलं ते काय बघत होते. ते प्रवचन शुक्रवारी दुपारी होतं. त्या वेळी आपण स्वतः मशिदीत होतो, हे त्यांना कळलं असणार. मग व्हिलात कोण होतं? दोनच तर माणसं आम्ही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काही विचारत असल्यासारखं. 'साहेब, मी तेव्हा नमाजाला होतो' — एवढं त्यांनी म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. माझ्यासाठी जागा सोडली होती का त्यांनी? मीच बोलावं म्हणून? मला आजही ठाऊक नाही, आणि खरं सांगतो, आजही ते जाणून घ्यावंसं वाटतं.

मी खाली गालिच्याकडे पाहत बसलो.

साहेब ओरडले नाहीत. पुढच्या महिन्यात चाचांचा करार संपत होता, तो त्यांनी वाढवला नाही, एवढंच. त्या वयाच्या माणसाला दुसरा व्हिसा कोण देणार? विमानतळावर मीच सोडलं त्यांना. गाडीत ते पुढे बसले, माझ्या शेजारी. साहेबाला रात्री तिखट चालत नाय, नव्या माणसाला सांगून ठेव, म्हणाले.  उतरताना मी त्यांची पेटी उचलायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माजी मी नेतो."

दोन-तीन वर्षांनी महाडकडचा एक फोरमन भेटला. चाचा घरीच असतात, म्हणाला, दिसायचं कमी झालंय. मी पत्ता विचारला नाही.

साहेबांना मी त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याबद्दलही कधी सांगितलं नाही. तो त्यांचा बाप होता की दुसरा कोणी, कोण जाणे. पण ती माणसं त्या घरात फक्त मी पाहिली होती. डोक्याला दोन्ही हात लावलेला तो माणूस — एवढंसं तरी त्यांना देता आलं असतं. पण ते द्यायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

मी त्या नोकरीत आणखी सात वर्षं राहिलो. चाचा गेले त्याच आठवड्यात मी त्यांच्या खोलीत राहायला गेलो. ती मोठी होती, आणि तिला एसी होता.