डाव्या चाकाचं वजन

टेंभुर्णी मागे पडलं आणि जीपमागच्या डब्याखालून कडाड् असा आवाज आला. डबा म्हणजे आमचं चाकांवरचं घर: दोन बाक, एक ओटा, डाव्या भिंतीला कपाट, वय वर्षं वीस. वाकून पाहिलं तर डाव्या चाकावरचा कमानपाटा (दणके झेलणारी पोलादी पट्टी) मोडलेला. आम्ही पुण्याहून बदामीला निघालो होतो. माझी बायको नलिनी शांतपणे म्हणाली, "सोलापुरात हे नीट झालं तर पुढे. नाहीतर मी एसटीने घरी, आणि डबा विकायचा." ती उगाच धमक्या देत नाही.

लाकडी ठोकळा अडकवून रखडत सोलापूर गाठलं. अक्कलकोट रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारे सिद्रामअप्पा भेटले. चाकं हाताने फिरवत ते कानडीत स्वतःशीच काही पुटपुटले.

"टायर तरी चांगले आहेत," मी म्हणालो. "नक्षी बघा की."

"नक्षी हाय. पर बाजूच्या भेगा बघा. पळून न्हाय, हुबं राहून मेलाय ह्यो टायर."

बेअरिंगही खरखरत होतं. मी शहाणपण पाजळलं: ट्रॉलीचे जाड पाटेच घाला, जन्माची कटकट नको.

"ट्रॉलीत ऊस असतोय, तुमच्यात कपबश्या. ते पाटं वाकायचंच न्हाईत, सगळा दणका वर. आदी वजन करू. सामान काडू नका, पाणीबी भरलेलं ऱ्हाऊ द्या."

शेजारच्या वजनकाट्यावर त्यांनी अख्खा डबा तोलला, मग एकेक चाक. डावी बाजू चांगलीच जड निघाली. "हितं काय हाय?" म्हणत अप्पांनी कपाटाचं खालचं दार उघडलं. आत माझा खजिना होता: दोन जुने हब (चाकाच्या मधोमध बेअरिंग बसतं तो भाग), बेअरिंगचे डबे, दोन जॅक, साखळी आणि पोत्यात गुंडाळलेले जादा पाटे.

अप्पा हसले. "पाटा तुटंल म्हून पाटं घिऊन फिरताय व्हय? त्येच्यानंच तुटला की ओ!"

मलाही हसू फुटलं, पण नलिनी हसली नाही. "तीन वर्षं मी घाटात डोळे मिटून बसते," ती म्हणाली, "आणि तुम्ही म्हणता, काही होत नाही. मग हे सगळं कशाला?"

थाप मारायला जागाच नव्हती. "भीती वाटते म्हणून," मी म्हणालो. "प्रत्येक घाटात."

"मला वाटायचं, मला एकटीलाच वाटते." एवढं बोलून ती बाकावर बसली. एसटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुपारी अप्पांच्या घरून कडक भाकरी (वाळवलेली, पापडासारखी मोडणारी) आणि शेंगाचटणी आली. मी चटणी जरा जास्तच खाल्ली आणि दिवसभर पाणी पीत बसलो. संध्याकाळपर्यंत डब्याच्या वजनाला साजेसे पाटे बसले, तेही दोन्ही बाजूंना. एकच बदलला तर डबा कलतो. बेअरिंग आणि टायर नवे. एक जॅक सोडून माझा खजिना अप्पांच्या भंगारात गेला.

"थांबाल तितं हबला हात लावून बगा," निघताना अप्पा म्हणाले. "हात ठरला पायजे. चटका बसला तर बेअरिंग बिघडलं समजा."

बदामीच्या लेण्यांवर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. वाटेत दर थांब्याला डावा हब मी बघायचो, उजवा नलिनी. घाट आला की दोघंही घाबरलो असं सरळ सांगायचो. इतकी वर्षं मी तिला नुसता धीर देत आलो, याची हे लिहिताना लाज वाटते.

पुण्यात दाराशी पोचल्यावरही ती आधी चाकापाशी वाकली. "मला हे जरा गरम वाटतंय."

मी तिच्या हाताशेजारी हात ठेवला. "हो, मलाही वाटतंय."

मग घराचं कुलूप न काढता, हब निवेपर्यंत आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसून राहिलो.