मास्तरची वीस मिनिटं

माझी भावजय पंधरा वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कापड कापते. कातरीने नाही, विजेच्या सुरीने. कापडाचे साठ थर एकावर एक मांडायचे, वर खडूने आखायचं आणि सुरी फिरवायची. सुरीला कापड कुठलं आणि बोट कुठलं ते कळत नाही. तिथे सगळे तिला मास्तर म्हणतात. मी त्याच हॉलमध्ये बाह्या जोडते. घरी स्वयंपाकघर एक, कामावर छप्पर एक, त्यामुळे मी तिला पुरती ओळखते असा माझा समज होता.

ती झोपायची. जेवताना, कपडे वाळत घालताना. माझा भाऊ बोलत असताना तर हमखास, पण ते मी समजू शकते. रात्री नऊ तास अंथरुणात काढून बाई दिवसा पेंगते, याला मी आळस म्हणायचे, आणि तिच्या तोंडावर म्हणायचे. एका डॉक्टरने रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने थायरॉइड तपासलं. तिसऱ्याला तिचं मन उदास वाटलं, त्याच्या गोळ्यांनी ती आणखीच झोपली. चौथी डॉक्टर मी. मी कडक कॉफी पाजली, तोंडावर पाणी मारलं, कानाशी टाळ्या वाजवल्या.

मग ती बाह्यांची गोष्ट झाली. थर मांडताना कापड एकदा सुलट, एकदा उलट असं मांडतात, म्हणजे एकाच आखणीत डावी आणि उजवी अशा दोन्ही बाह्या निघतात. त्या दिवशी मास्तरने साठही थर सुलटेच मांडले, रेघ न सोडता कापले आणि गठ्ठा बांधून माझ्याकडे पाठवला. मी जोडायला घेतल्या तर एकूण एक बाही डावी! तिला विचारलं, तर मांडलेलं आठवेना आणि कापलेलंही आठवेना. बाई उभ्या उभ्या झोपली होती आणि हात सुरी चालवत होते.

गोष्ट मालकापर्यंत गेली. त्याने तिचे दोन्ही पंजे उलटेपालटे करून पाहिले. बोटं दहाच्या दहा होती. मग म्हणाला, "मास्तर, महिन्याभरात याचा काय तो सोक्षमोक्ष लावा. नाहीतर सुरी कायमची बंद. बटणं लावत बसायचं."

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, मला दुसरं काहीच येत नाही हो." त्या रात्री मी तिला टोमणा मारला नाही. माझ्यासाठी हे फार झालं.

शोधता शोधता आम्ही झोपेच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जोरात हसलात की गुडघे ढिले पडतात का?"

भावजय चपापली. "पडतात. म्हणून मी हसतच नाही."

 एवढी वर्षं ही माझ्या विनोदांना हसत नाही म्हणून मी तिला शिष्ट समजत होते!

डोक्याला तारा चिकटवून एक रात्र तिला तिथेच निजवलं. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, असं पाच वेळा, पडद्याआड झोपायला सांगितलं. पाचही वेळा ती दोन मिनिटांच्या आत झोपली, आणि झोपताक्षणी स्वप्नात. बाईंनी आलेख माझ्यासमोर धरला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

"दोन-तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही तर तुमची जी गत होईल," त्या म्हणाल्या, "ती यांची रोज असते. मेंदूतला जागं ठेवणारा एक पदार्थच कमी पडतोय. यात आळसाचा काही संबंध नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. या अवस्थेत हिने दोन मुलं वाढवली, माझ्या आईचं आजारपण काढलं, पंधरा वर्षं सुरी धरली आणि वर माझं तोंड सोसलं. मी एक रात्र जागले तर दुसऱ्या दिवशी मीठ समजून साखर घालते. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मोठी नणंद असल्यामुळे तेही करता येईना.

आजार मुळापासून जात नाही, पण आवरता येतो, असं बाईंनी सांगितलं. पहिल्या गोळीने छातीत धडधडायला लागलं, ती बदलली. दुसरी मानवली. शिवाय दिवसातून दोनदा, सकाळी अकराला आणि दुपारी जेवल्यावर, वीस मिनिटांची झोप, आणि ती चुकवायची नाही. एका सुट्टीच्या दिवशी भावजय जेवून, वीस मिनिटं झोपून खिडकीशी बसली ती संध्याकाळपर्यंत टक्क जागी. मला म्हणाली, "ताई, दुपार एवढी मोठी असते? आणि तुम्ही सगळे ती रोज बघता?" 

महिना संपताना मालकाने तिला पुन्हा टेबलापाशी उभं केलं. स्वतः शेजारी थांबला. तिने थर मांडले, एक सुलट, एक उलट. सुरी निम्म्यावर आली आणि अकरा वाजले. आता थांबली तर मालक काय समजायचं ते समजणार, नाही थांबली तर सुरी हातात. आमच्या सगळ्यांच्या मशीन आपोआप थांबल्या.

तिने बटण बंद केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला आता झोपायचंय. वीस मिनिटं." कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवी झाली आणि गेलीच.

मालकाने सुरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग वाकून सुरीचा प्लग स्वतःच्या हाताने काढला आणि आम्हाला म्हणाला, "हळू शिवा." शिलाईमशीन हळू कशी चालवायची ते त्यालाच ठाऊक, पण आम्ही चालवली.

वीस मिनिटांनी मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षं तिने अशा डुलकीतून उठताना पहिल्यांदा एकच गोष्ट विचारली आहे. तेव्हाही तेच कुजबुजली, "ताई, कोणी पाहिलं का?"

"सगळ्यांनी पाहिलं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि उठून सुरीचा प्लग लावला.