धूर बघायला आलेल्या बाई

सुमे, अशी जवळ ये बघू. पाहुणीसारखी उंबऱ्याशी काय बसलीस? आणि तो मोबाइल ठेव खाली. आमच्या धूरवाल्या बाईंचं सांगते.

धूर दिसला की आपण नाकाला पदर लावतो. या बाई खूश व्हायच्या. संशोधन करायच्या, आणि उन्हाळ्यात इथं कार्ल्याला, आमच्या वरच्या खोलीत राहायच्या. गच्चीवर त्यांची पेटी. ती आभाळात हिरवा उजेड सोडायची. धुराच्या कणांवरून तो परत आला की धूर किती उंच गेलाय ते कळायचं. पेटीवर कुणी वाकलं की ओरडायच्या, "डोळे जातील!" शेजारच्या आबांनाही सोडलं नाही.

"वरून उपग्रहही असाच उजेड खाली टाकतो, मावशी," त्या सांगायच्या. "दाट ढगात उजेड शिरत नाही, तिथं त्याचं रडार बघतं. तुमच्या राबाचा धूर ढगांपर्यंत पोचतो का, ते मला शोधायचंय."

राब म्हणजे गं, भाताचं रोप टाकायच्या जागी पालापाचोळा नि शेण पसरून आपण जाळतो ना, ते.

एकदा म्हणाल्या, उद्या दुपारी उपग्रह बरोबर डोक्यावरून जाणार; पावसाआधीची ही शेवटची संधी. झालं! आबा गावभर सांगून आले, "उद्या वरनं फोटू निघनार हाय. कुनी राब पेटवायचा न्हाई. बाईंना आभाळ लख्ख पायजे!" पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं, तसं गावानं आभाळ झाडून ठेवलं.

दुपारी बाई गच्चीवर गेल्या, तर कुठं धुराची रेघ नाही. खाली आबा मिशीला पीळ देत उभे. बाई मटकन बसल्या. त्यांना धूरच हवा होता. वर्षाचं काम गेलं. हे कळल्यावर आबांनी खिशातून काडेपेटीच काढली. "मंग आत्ता पेटवतो की! हाय काय त्यात?"

"नको आबा. माझ्यासाठी पेटवलेला धूर मला चालत नाही. आज आभाळ स्वच्छ आहे, तर स्वच्छच लिहीन." डोळे पुसून हसल्या. "इतकं लख्ख आभाळ मला कुणी दिलं नव्हतं."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आल्या, पण उपग्रहाचा दिवस कुणाला म्हणून सांगितला नाही. एका दुपारी वरून ओरडल्या, "मावशी, सापडला!" तिकडे आबांचाच राब जळत होता, आणि आबा विचारत होते, "काय हरवलं व्हतं, बाई?"

आता त्यांची लांब बदली झालीय. आठवण येते. त्यांच्यामुळं मला एक कळलं, कळवून आलेल्या माणसापुढं आपण घर आवरतो, तोंडही आवरतो. म्हणून सुमे, पुढच्या खेपेला फोन करू नकोस. पसारा असेल, मी कुणावर तरी चिडलेली असेन. असू दे. तशीच ये, पण लवकर ये गं.