काकांचे तीन ठोके

पडद्यामागे राहण्याची इतकी हौस असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या हिचे हे काका मूळचे पुण्याचे. तरुणपणी फ्रेंच शिकायला पॅरिसला गेले आणि तिथल्या कित्येक पिढ्या जुन्या एका नाटक कंपनीत शिरले ते तिथलेच झाले. नाटक सुरू होण्याआधी पडद्यामागून जाड काठीने रंगमंचावर तीन ठोके द्यायचे, ही तिथली रीत. आपल्याकडे तिसरी घंटा, तसे हे ठोके. तीस वर्षं ते काकांनीच दिले आणि तीस वर्षांत प्रेक्षकांना त्यांचं नखही दिसलं नाही. घरच्या फोटोतसुद्धा ते कुणाच्या तरी मागेच असत. "पुढे येणं हे नटांचं काम, जावईबापू," ते म्हणत. "मीच पुढे आलो तर त्यांनी खायचं काय?"

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी कंपनी तिथे आली, तेव्हा काका हॉटेल सोडून इचिकावाला, मी नोकरीनिमित्त राहत होतो तिथे, आमच्याकडे उतरले. सकाळी टेबलावर डावाचे तीन ठोके पडल्याशिवाय पोह्यांवरचं झाकण निघत नसे. कचरा टाकायला गेले, की नेला त्याहून जास्त घेऊन येत. मोडकी छत्री, बिनदांड्याची किटली. "कचरा काय म्हणता? प्रॉपर्टी आहे ही. दुसऱ्या अंकात लागेल." ते सगळं परत नेऊन ठेवताना शेजाऱ्यांपुढे वाकून वाकून माझी कंबर धरली.

भूकंपाचा तडाखा बसलेल्या सेंदाईच्या प्रयोगाला मी बँकेतून रजा काढून दुभाषी म्हणून गेलो. दुपारी विंगेत काका काठी पुसत बसले होते. वरून उजेडाची एक तिरीप आली होती, तिच्यात धूळ तरंगत होती, आणि अर्ध्या वेशातले नट स्वतःशी पुटपुटत हिंडत होते. सगळं झोपेत पाहिल्यासारखं. तेवढ्यात थिएटरच्या मॅनेजरबाई आल्या. पुष्कळ आढेवेढे घेत म्हणाल्या, की इथली माणसं अजून जमिनीतून आवाज आला की खुर्ची घट्ट धरतात. ठोके टाळता येतील का? मी काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ठोक्यांवाचून त्यांचा एकही पडदा उघडला नव्हता. संध्याकाळपर्यंत मला उगीचच अपराधी वाटत राहिलं.

प्रयोगाची वेळ झाली. काकांनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्याने माझं मनगट धरलं आणि ते सरळ पडद्याबाहेर आले, भरल्या नाट्यगृहापुढे.

"सांगा त्यांना," ते म्हणाले. "नाटकाआधी या काठीचे तीन ठोके द्यायची आमची रीत आहे. आज देणार नाही."

मी जपानीत सांगितलं. काका कमरेत वाकले. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "द्या ना. तुम्ही सांगून देताय. त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं."

मी हे काकांना मराठीत सांगितलं. मॅनेजरबाईंनी दारातून होकाराची मान हलवली. काकांनी पहिला ठोका दिला, तसे रांगांमधून शेजारच्यांचे हात धरले गेले. दुसरा त्यांनी जपून दिला.

काका जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं. मग तो तिसरा ठोका आठवतो. तो त्यांनी इतका हलका दिला, की ऐकायला सगळं नाट्यगृह पुढे झुकलं होतं.