यमुनाबाईंनी आईला बसवलं

यमुनाबाई कुठंही गेल्या की बूड टेकण्याआधी वारा बघायच्या. एस.टी. स्टँड असो, लग्नाचा मांडव असो की तालुक्याच्या प्रशिक्षणाचा हॉल, त्या दारातच थांबायच्या, मान जराशी वळवायच्या आणि "इथं नको, तिथं" म्हणून सगळ्यांना उठवायच्या. राजूरजवळच्या आमच्या शाळेत त्या बदलून आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीतलं टेबल एकटीनं ओढत दुसऱ्या टोकाला नेलं. मी तिथं चार वर्षं जुनी, टेबलाची जागा मीच ठरवलेली. मला राग आला. आषाढात झड लागली आणि टेबलाच्या जुन्या जागी वरून धार लागली. बाईंनी नुसती बादली आणून धारेखाली ठेवली, आणि मला तेच जास्त झोंबलं.

बाई पाथर्डीकडच्या, मी कोपरगावची. एकाच जिल्ह्याच्या असलो तरी त्यांच्या गावाला पाणी टँकरनं यायचं आणि आमच्याकडे पाटाला. आवाज असा की त्यांनी तिसरीला पाढे सुरू केले की सातवीलाही पाठ व्हायचे. वर्गात पुस्तकी मराठी, पण फळ्याकडे पाठ फिरली की थेट गावची बोली. "लाज सोडली का वजन निम्मं व्हतं, सीमा," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी मात्र बरंच वजन घेऊन फिरणारी बाई होते.

या कोरडवाहू बाईला डोंगरात आल्यावर मासे धरायचं वेड लागलं. शाळेतल्या एका मुलीच्या आजोबांकडून त्या गळ टाकायला शिकल्या. बांबूची काठी, दोरा, मोरपिसाच्या देठाचा तरंगणारा तुकडा आणि कणकेच्या गोळ्या, एवढा सगळा सरंजाम. भंडारदऱ्याच्या धरणाच्या काठावर रविवारी पदर खोचून बसलेली मास्तरीण बघून गावातले लोक आधी हसले. "बाई, तुमच्याकडच्या टँकरला मासं लागत्यात व्हय?" असं एकानं विचारलंही. बाई म्हणाल्या, "न्हाई ना, म्हनून तर तुमचे न्यायला आले." दुसऱ्या वर्षी तोच माणूस त्यांना विचारून जागा धरायला लागला.

मग बाईंच्याच डोक्यातून निघालं की नुसतं दिवसभर जाऊन येण्यात मजा नाही, मुक्काम करायचा. आम्ही दोघी एका शनिवारी गेलो. काठच्या झाडीत तंबू भाड्यानं देणारा एक जण होता. त्यानं आमचा तंबू उतारावरच्या सपाट जागेत लावून ठेवला होता. बाईंनी वारा बघितला, टाचेनं जमीन दाबली आणि खुंट्या उपटायला सुरुवात केली. तो माणूस "अहो मॅडम, अहो मॅडम" करेपर्यंत तंबू वीस पावलं वर, झाडांच्या आडोशाला उभा राहिला. दोऱ्यांच्या गाठी अशा सफाईनं पडल्या की तो बघतच राहिला. तीन दगडांची चूल मांडली तीही वाऱ्याकडे पाठ करून, आणि एका काडीत पेटवली.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं.

"कोपीत," बाई म्हणाल्या. "आईबाप ऊस तोडायचे. दसरा-दिवाळी झाली का कोयता घ्यायचा आन् निघायचं. फडाशेजारी पाचटाची कोपी घालायची, सा महिने तिथंच. बारा वरसं झोपले मी आशी. आन् आता पैसं भरून झोपायला आले!" असं म्हणून त्या खो खो हसल्या.

मला हसू आलं नाही. आमच्या वडिलांच्या उसात दरवर्षी मुकादम तोडणीची टोळी घेऊन यायचा. कोप्या मी बांधावरून पाहिल्या होत्या, वाकून आत कधी डोकावले नव्हते. ते मी बाईंना सांगून टाकलं. त्यांनी माझ्या ताटलीत भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "मंग आता आत बसलीस ना? खा गप."

त्याच जेवणात त्या म्हणाल्या, की आईला इथं आणायचं आहे. गुडघे गेले म्हणून आईनं तीन वर्षांपूर्वी कोयता ठेवला होता, पण बसणं काही जमत नव्हतं. "बसल्या हाताला भाकरी न्हाई," हे तिचं पालुपद. मुलीच्या घरी आली तरी धुतलेली भांडी पुन्हा घासायची. डॉक्टरांनी गुडघ्यांना आराम द्या म्हटलं की ती मान हलवायची आणि घरी येऊन अंगण झाडायची. बाईंनी आयुष्यात मनात आणलेलं बहुतेक सगळं करून दाखवलं होतं, डी.एड., नोकरी, पक्कं घर. एवढी एकच गोष्ट राहिली होती: आईनं एक अख्खा दिवस काम न करता बसलेलं त्यांना बघायचं होतं. "बघच तू, बसवते का न्हाई," म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आईला फोन केला, की कपडे भर, चार दिवस बाहेर जायचंय, तंबूत राहायचंय. म्हातारी एस.टी.नं अकोले स्टँडवर उतरली. मी आणि बाई घ्यायला गेलो होतो. तिच्या बोचक्यात दोन लुगडी, तवा, परात, पायलीभर बाजरीचं पीठ आणि फडक्यात गुंडाळलेला, धार लावलेला कोयता होता. इकडं तिकडं बघत तिनं विचारलं, "मुकादम कोन हाय? दिसत न्हाई कुठं."

दिवाळी झाल्यावर बोचकं बांधून बाहेर राहायला जायचं, म्हणजे तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. गुडघे गेलेली ती बाई लेकीच्या एका शब्दावर पुन्हा उसाला निघून आली होती! मी तिला खरं सांगायला पुढं झाले. यमुनाबाईंनी मात्र बोचकं काखेत मारलं आणि छाती पुढं काढून सांगितलं, "मीच मुकादम. चल."

काठावर पोचल्यावर म्हातारीनं आधी वारा बघितला. मग तंबूपुढची जागा झाडली, काटक्या गोळा केल्या, हंडा कुठं आहे ते विचारलं. बाई दोनदा रागावल्या, एकदा हात धरून खाली बसवलं. पाच मिनिटांत ती उठून चुलीचे दगड पुन्हा लावायला लागली. दुपार झाली तरी हाच खेळ. मला वाटलं, हरल्या आता आमच्या बाई.

त्या तंबूत गेल्या आणि गळाची काठी घेऊन आल्या. आईला काठच्या सपाट दगडावर नेलं आणि पाणी दाखवून म्हणाल्या, "आई, हे काम हाय. मासं धरायचे."

"किती धरायचे?"

"दोन."

"दोनच?"

"लवकर लागत न्हाईत. बसावं लागंल."

"बसते की मंग." कामच म्हटल्यावर तिची काही तक्रार नव्हती. काठी दोन्ही हातांत घट्ट धरून ती बसली ती बसलीच. बाई तंबूपाशी येऊन माझ्या शेजारी टेकल्या आणि पोरीसारखी मला कोपरखळी मारली. तास झाला, दोन तास झाले.

चार वाजता मी म्हातारीला चहा घेऊन गेले. तिनं कप घ्यायला काठी वर उचलली तर गळ नुसता लखलखत होता. "आजी, याला कणीकच नाही," मी म्हणाले.

"ठावं हाय मला," ती हळूच म्हणाली. "मगाशीच बघितलं. मोठ्यानं बोलू नगं. पोरीला वाटतंय मी कामाला लागलीया. वाटू दी." मग पाण्याकडे बघत म्हणाली, "आजवर पानी बघितलं ते आनायचं म्हनून. आसं नुसतं बसून कव्हा बघितलं न्हवतं. बघू दी जरा." तिनं बिनकणकेचा गळ पुन्हा पाण्यात सोडला. ऊन उतरेपर्यंत ती तिथंच होती. एकही मासा लागला नाही.

पुढच्या दोन दिवाळ्यांनाही ती आली. कोयता घरी ठेवून आली, दगड तोच. मी म्हातारीचं ऐकलं आणि बाईंजवळ कधी बोलले नाही.

गेल्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. चौदावा झाल्यावर मी पाथर्डीला बाईंना भेटून आले. पाहुणे पांगले होते आणि त्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. आता लपवून काय ठेवायचं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं, की आजीला माहीत होतं, गळाला काही नव्हतं आणि ती तुमच्यासाठी गप्प राहिली.

यमुनाबाईंनी सूप खाली ठेवलं. मग त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं, आवाज तसाच खणखणीत.

"आगं, कनीक मीच लावली नव्हती," त्या म्हणाल्या. "मासा लागला आसता तर उठली आसती ना ती, कालवण करायला."