दुकानदाराच्या टेबलावरचा लॅपटॉप

चंद्रपूरहून आल्यापासून संताप उतरत नाही. बोलून दाखवायला मला जमत नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहिते आहे.

मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. नकाशे काढायला लॅपटॉप पाहिजे. "गिरणीले जशी मोटर, तसा लॅपटॉपले प्रोसेसर, माय," असं तिनं मला समजावलं होतं. तो बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोनच. आपल्या पैशात कोणत्या कंपनीचा घ्यायचा, ते तिनं महिनाभर मोबाइलवर शोधून पक्कं केलं होतं. चुकला तर शिक्षण संपेपर्यंत तोच ओढायचा. दुसरा घेणं आम्हाला होणार नाही.

दुकानात आमच्या आधी एक म्हातारा बाप होता, पोरासाठी लॅपटॉप घ्यायला आलेला. त्यानं विचारलं, "दुसरा नाई का काही?" "नाई," दुकानदार म्हणाला. म्हातारा मान हलवून दुकानदारानं दिलेला खोका घेऊन गेला.

मुलीनं कंपनीचं नाव सांगताच दुकानदार म्हणाला, "तो इकडं चालत नाई, बेटा. आपल्या चंद्रपूरचं ऊन! अंड्यासारखा उकडते. हा घे, सगळे हाच नेऊन राह्यले."

"पण सर, हा मागच्या सालचा आहे."

"मोबाइलवर वाचून आली काय? बाई, तुमची पोरगी आमाले दुकान चालवाले शिकवते हो!"

कामावरची माणसं हसली. मुलीचा चेहरा उतरला. "घेऊन टाकू, माय," ती हळूच म्हणाली.

मी खाली मान घालून उभी. सिंदेवाहीला बियाण्याच्या धानात मी रोजीनं जाते. एकसारख्या रोपांतलं वेगळं रोप ओळखून उपटायचं, हेच काम. चौथी शिकले, पण नजर पक्की आहे. मुलीनं मोबाइलवर दाखवलेलं त्या कंपनीचं चिन्ह मला समोरच दिसलं. दुकानदार ज्या लॅपटॉपवर बिलं करत होता, त्याच्यावरच.

मी त्या चिन्हावर बोट ठेवलं.

"मंग भाऊ, तुमचा काऊन नाई उकडत?"

हसणं थांबलं. "इथी एसी आहे ना, बाई."

मी मुलीचा हात धरला आणि पायरी उतरले.

"थांबा ना, बाई! रागावता काऊन?"

आतून खोका आला. तिनं सांगितलेलाच. म्हणजे पहिल्यापासून होता!

आता ती तो उघडून बसली आहे, खूश आहे. मला मात्र तो म्हातारा दिसतो. त्यानंही विचारलं होतं.